त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे

पत्राच्या मायन्यावरून माणूस ओळखता येतो. जगाने हे सत्य केव्हाच सोडून दिलं असलं, तरी गिरगावात कमलाकांत धैर्यवान यांनी ते अजून सांभाळून ठेवलेलं आहे. त्यांची सगळी नोकरी एका जहाज कंपनीच्या आवक-जावक विभागात गेली. ज्यावर तारीख नाही, विषय नाही, वर 'महोदय' नाही आणि खाली 'आपला विश्वासू' नाही, ते पत्रच नव्हे, असं त्या विभागाचं ठाम मत होतं. अशा कागदावर 'त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे' असा शेरा पडे आणि तो आल्या वाटेने परत जाई. (या शिस्तीमुळे कंपनीचं पुष्कळ काम वाचलं. पुढे कंपनी वाचली नाही, पण तो विभागाचा दोष नव्हता.)

लेक अनुजा नोकरीसाठी बंगळुरूला निघाली, तेव्हा तिने बाबांच्या कॉम्प्युटरवर ईमेलचा प्रोग्रॅम बसवून दिला. त्याला अख्खा रविवार लागला, कारण अटी आणि शर्ती मान्य आहेत असं म्हणण्याआधी कमलाकांतांनी त्या वाचल्या. (प्रोग्रॅमला अशा माणसाची सवय नसावी. तो मध्येच बंद पडला.) पुढे आपण यंत्रमानव नसल्याची खात्री पटवून द्या, असं त्याने सुचवलं. कमलाकांतांना ही मागणी रास्त वाटली. हयातीचा दाखला ते दर नोव्हेंबरात देतच होते.

"आणि बाबा, हे बटण स्पॅमचं," अनुजा म्हणाली. "नको असलेला मेल आला ना, की हे दाबायचं. गेला."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला हो. तुम्हाला परत दिसणार नाही."

कमलाकांतांना एवढं पुरेसं होतं. नको असलेलं पत्र कार्यालयातून जाऊन जाऊन जाणार कुठे? पाठवणाऱ्याकडेच. यंत्राने रबरी शिक्क्याची एवढी सुबक सोय केलेली पाहून त्यांना इंजिनियर लोकांबद्दल प्रथमच आदर वाटला.

अनुजा गेली आणि टपाल सुरू झालं. जगात अजून सभ्यता शिल्लक आहे, हे कमलाकांतांना त्या दिवसांत कळलं. लंडनच्या एका बॅरिस्टरसाहेबांनी 'परम आदरणीय महोदय' म्हणून तब्येतीची विचारपूस केली होती. परदेशी लष्करातल्या एका मेजरना फक्त त्यांच्यावरच विश्वास टाकावासा वाटत होता. टकलावर केस उगवून देणाऱ्या एका वैद्यराजांचं पत्र तर तारीख, विषय, संदर्भ क्रमांक यांसकट इतकं बिनचूक होतं, की ते कमलाकांतांनी बायकोला, सुमतीबाईंना, मोठ्याने वाचून दाखवलं. या सगळ्यांना त्यांनी उलट टपाली कळवलं, 'आपले पत्र पोचले. योग्य तो विचार होईल.' सरकारी-निमसरकारी भाषेत याचा अर्थ काहीही होणार नाही असा आहे, हे लंडनपर्यंत पोचलेलं नसावं. बॅरिस्टरांनी पुनःपुन्हा लिहिलं, त्यांना पुनःपुन्हा पोच मिळाली. शेवटी त्यांनी कंटाळून पत्रव्यवहार थांबवला. चांगला माणूस होता, असं कमलाकांत अजून म्हणतात.

पोटच्या मुलीचं पत्र मात्र असं आलं: 'हाय बाबा, पोचले. रूम मस्त. बोलू.'

कमलाकांतांनी ते दोनदा वाचलं, मनातून खूश झाले आणि स्पॅमचं बटण दाबलं. यात राग मुळीच नव्हता. मुलीला वळण लागावं, एवढाच हेतू होता. पुढचं पत्र 'बाबा जेवलात का' एवढंच होतं, तेही परत गेलं. सुमतीबाईंच्या भावाने काळाचौकीच्या गणपतीचं आमंत्रण नुसत्या फोटोवर भागवलं होतं, तेही गेलं. कमलाकांत दुरुस्त प्रतींची वाट पाहत राहिले.

प्रोग्रॅम मात्र शिकत होता. या घरात घरच्या माणसांचं टपाल नको असतं, हे पावसाळा संपेपर्यंत त्याला नीट उमगलं. मग साहेबांना तसदी न देता तो अनुजाची पत्रं परस्पर स्पॅमच्या खणात टाकू लागला. (इतक्या लवकर तयार होणारा कारकून आवक-जावक विभागाच्या इतिहासात झालेला नाही.) पत्रं येईनाशी झाली, तेव्हा मुलगी रुसली, असं कमलाकांतांनी ठरवलं. तेही रुसले.

आणि त्याच खणात एके दिवशी हे पत्र पडलं: 'बाबा, फोनवर बोलायला जमत नाही म्हणून लिहितेय. मला धम्मपालशी लग्न करायचंय. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलाय, आता एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सिक्युरिटी बघतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही. कळवा. अनू.'

कळवण्यासारखं काही घडलंय, हे कमलाकांतांना ठाऊकच नव्हतं. अनुजाने उत्तराची वाट पाहिली आणि शेवटी धीर करून फोन केला.

"बाबा, माझा मेल मिळाला?"

"मिळाला होता. परत पाठवला."

"का, ते तरी सांगा."

"मी कशाला सांगू? आपल्या घरात काही रीत आहे, ती तुला माहीत हवी. दुरुस्ती कर, मग बघू."

"दुरुस्ती करण्यासारखं त्यात काही नाहीये बाबा," अनुजा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हणते?" सुमतीबाईंनी विचारलं.

"हट्टी आहे," कमलाकांत म्हणाले. त्या दिवशी बंगळुरूत अनुजा जेवली नाही. गिरगावात कमलाकांतही जेवले नाहीत. त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं.

पुढच्या शनिवारी दारात एक उंच तरुण उभा राहिला. त्याने चपला बाहेर काढल्या आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली.

"काका, मी धम्मपाल. तुम्ही अनुजाला नाही म्हणालात. का म्हणालात, एवढंच विचारायला आलोय. ऐकून घेतो नि जातो."

"मी कशाला नाही म्हणालो?" कमलाकांतांनी विचारलं.

"आधी बसा हो तुम्ही," सुमतीबाई म्हणाल्या.

धम्मपाल बसला नाही. त्याने एकदा कमलाकांतांकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे. हा त्याचा रोजचाच धंदा होता. "काका, तुमचा स्पॅम उघडू का जरा?"

खण उघडला. परत गेली असं वाटलेली सगळी पत्रं तिथे एकाखाली एक पडून होती. 'जेवलात का' होतं. 'बाबा रागावलात का' तर कितीतरी होती. मग कमलाकांतांनी लग्नाचं पत्र वाचलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत, सवयीप्रमाणे. सुमतीबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. धम्मपाल बाजूला झाला होता.

"हरकत आहे," कमलाकांत घसा खाकरून म्हणाले.

धम्मपालने खाली पाहिलं. ही हरकत ऐकायची तयारी करूनच तो वरळीहून निघाला होता. सुमतीबाई नुसत्या "अहो" म्हणाल्या.

"विषय लिहिलेला नाही," कमलाकांत म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी फोन उचलला आणि तारीख, मायना, संदर्भ काहीही न घेता म्हणाले, "अनू, हो म्हणतोय. अगं, हो."

आता, ती हरकत कोणती असणार, हे वाचकहो, तुम्ही मुलाचं नाव वाचलंत तेव्हाच ओळखलं होतं. त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. पाहताक्षणी माणूस वेगळ्या खणात टाकायला त्या प्रोग्रॅमला अख्खा पावसाळा शिकवावं लागलं. तुम्हाला नुसतं नाव पुरलं.