घड्याळजींनी पुरलेलं कासव

कुठलं यंत्र कायमचं बंद पडलंय आणि कुठलं नुसतं थांबलंय, हे घड्याळजींना कानाला लावताक्षणी कळायचं. चाळीस वर्षांत आपला अंदाज एकदाही चुकला नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे थंडीत बायकोचं कासव आठवडाभर हललं नाही, तेव्हा त्यांनी ते उचललं, कानाला लावलं, डोळ्याला भिंग लावून कवचात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला. गेलं.

बायको जाऊन दोनच महिने झाले होते. जाताना तिनं घराचं, दागिन्यांचं, लेकीचंसुद्धा नाव काढलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "कासवाला सांभाळा." तेवढंही आपल्याच्यानं झालं नाही! घड्याळजींनी जन्मात पहिल्यांदा कुदळ हातात धरली, मागच्या अंगणात खड्डा खणला, कासव पुरलं आणि माती सारखी केली. खुणेचा दगडही ठेवला नाही. तो रोज बघवला नसता.

पंधरा दिवसांनी जनावरांचे डॉक्टर घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात आले. कासवाचं कळल्यावर ते जरा घुटमळले. "थंडीत कासवं झोपतात हो," ते म्हणाले. "महिनोन्महिने. श्वाससुद्धा जाणवत नाही."

घड्याळजींनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

सगळं अंगण उकरलं, पण कासव मिळेना. आणखी खोल गेलं की कडेला सरकलं, कोण जाणे. बायकोनं सोपवलेला जीव आपण जिवंत गाडला, हे सांगायचं कुणाला? शेजारच्या नर्सबाईंनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा त्यांनी बाग करतोय म्हणून ठोकून दिलं. बाई हरखल्या. दुसऱ्याच दिवशी कोबीची रोपं घेऊन हजर! लावणं भाग पडलं.

मग पाणी घालायच्या निमित्तानं घड्याळजी रोज सकाळी माती चाचपू लागले. वरून गार लागणारी माती वीतभर खाली उबदार असते, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं. पहिलं गांडूळ हाताला लागलं, तेव्हा ते किंचाळले होते. पुढे पुढे ते गांडुळांना अलगद बाजूला ठेवून माफी मागू लागले. लेक फोनवर कासवाची चौकशी करी. झोपलंय, असं ते सांगत, आणि फोन ठेवून पुन्हा माती चाचपायला जात.

थंडी सरली. एका सकाळी कोबीची चार रोपं बुडापर्यंत कुरतडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. घड्याळजींचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी उजाडताच ते काठी घेऊन पाण्याच्या पिंपामागे दबा धरून बसले. ऊन अंगणात आलं आणि कुंपणाजवळच्या पाचोळ्यातून चिखलानं माखलेलं कासव निघालं. इकडे तिकडे न बघता ते आठव्या रोपाकडे चालू लागलं.

घड्याळजी तिथंच मातीत बसले आणि ढसाढसा रडले. बायको गेली त्या दिवसापासूनचं सगळं रडू एकदम बाहेर आलं.

आवाज ऐकून नर्सबाई धावत आल्या. त्यांना कुरतडलेली रोपं दिसली, रडणारे घड्याळजी दिसले. पानांआडचं कासव मात्र दिसलं नाही.

"अहो, कोबीचं एवढं मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मी दुसरी रोपं देते."

घड्याळजींनी बाहीनं डोळे पुसले.

"जरा जास्तच द्या," ते म्हणाले.