टॅगची झोपमोड

प्रात्यक्षिकाला गाडी घरचीच न्यायची, हे मीच ठरवलं. टोलच्या ऑफिसात मी सहा महिने शिकाऊ होते. त्या दिवशी गाडीच्या काचेवरचा टोलचा टॅग कसा चालतो, याचं माझं समजावणं मोठे साहेब स्वतः ऐकणार, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार! ऑफिसच्या गाडीचा हॉर्न ऐकून मी दचकते. (घरच्या गाडीच्याही हॉर्नला दचकते, पण ते ओळखीचं दचकणं.)

आठ दिवस घरात घोकंपट्टी चालली होती. श्रोता एकच, आई.

"टॅगमध्ये बॅटरी नसते. त्यातली चिप गाढ झोपलेली असते. नाक्यावरचा अँटेना रेडिओलहरी सोडतो. टॅगमधली धातूची बारीक पट्टी त्या झेलते, तेवढ्यावरच चिपला क्षणभर वीज मिळते. ती जागी होते, आपला नंबर सांगते, की दांडा वर!"

"बिचारी," आई भाजी निवडता निवडता म्हणायची. मला वाटायचं, मला म्हणतेय.

तर त्या सकाळी समोर चाचणीची लेन, कडेला साहेब आणि वीस नवे शिकाऊ, माझ्या कॉलरला माइक, आणि मागच्या सीटवर मला धीर द्यायला आई. उत्साह असा, की हात गार आणि कान गरम!

"बघा हं, आता दांडा आपोआप वर जाईल!" मी ऐटीत गाडी पुढे घेतली.

दांडा ढिम्म.

मागे घेतली, पुढे घेतली. ढिम्म. उतरून बाहेरून काच पुसली. टॅग तर जागच्या जागी दिसत होता!

"बॅटरी संपली असेल," एक शिकाऊ म्हणाला.

"त्यात बॅटरी नसतेच!" मी अशी किंचाळले की माइकने शिट्टी मारली, आणि त्या शिट्टीला मीच दचकले.

"अगं, आधी तिचं पांघरूण तर काढ," आई मागून म्हणाली.

"कुणाचं?"

"चिपचं."

मी आत वाकून आरशामागे पाहिलं. टॅगच्या पाठीवर डब्यातल्या पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल, चारी कडांना टेप लावून, घट्ट!

"आई! हे काय?"

"तूच म्हणालीस ना, लहर आली की तिला उठावं लागतं? रस्त्यावर काय कमी लहरी असतात? म्हटलं, आज साहेबांसमोर बोलायचंय, जरा झोप होऊ दे तिची."

साहेब खिडकीशी आले. "पण काकू, फॉइलच का?"

"अहो, डब्यातली ऊब तिच्यातून बाहेर जात नाही. मग लहर तरी आत कशी शिरेल?"

"ऐकलंत?" साहेब शिकाऊंकडे वळले. "धातू चिकटला की टॅग बहिरा होतो. लिहून घ्या!" वीस पेनं सरसावली. (माझ्या बोलण्यावर एकही उघडलं नव्हतं.)

मी घाईघाईने फॉइल ओरबाडून काढली, गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे आणली. टीं! दांडा खाडकन वर! त्या "टीं"ला मी अशी दचकले, की पाय थेट ब्रेकवर आणि गाडी बंद. दांड्याने जरा वाट पाहिली, आणि तो शांतपणे खाली आला.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "तुम्हाला कायम केलंय."

मी पलंगावर उडीच मारली!

"सोमवारी पुढची तुकडी. गाडी आमचा ड्रायव्हर चालवेल, समजावतील काकू."

"आणि मी, सर?"

"तुम्ही दांड्याच्या पलीकडे उभ्या राहा. एकदा तरी पलीकडे पोचाल."