वेणूताई मंगळवारी बंद

एका जंगलात एक उंबर होता. उंबर जरा कललेला होता. सगळ्या जंगलात मोबाईलला रेंज फक्त त्याच्या शेंड्यावर येई. त्यामुळे, मुलांनो, त्या झाडाला जंगलातल्या देवळापेक्षा जास्त मान होता आणि गर्दीही जास्त होती.

त्या उंबरावर वेणूताई नावाची म्हातारी शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट. वेणूताईंच्या शेपटीचा झुपका आता विरळ झाला होता, पण बोलताना ती झटकायची सवय काही गेली नव्हती.

वेणूताईंना एकच मुलगा. त्याचं नाव श्रीरंग. तो लहानपणापासून हुशार होता. हुशार मुलांचं पुढे जे होतं तेच त्याचं झालं. तो युरोपात गेला. तिथल्या एका जंगलात, जिथे झाडंसुद्धा रांग मोडत नाहीत, तो अक्रोडाच्या टरफलाच्या बाहेरच्या बाजूवर संशोधन करू लागला. त्याची बायको मृण्मयी आतल्या बाजूवर संशोधन करत असे. अक्रोड कोण खात असे, ते माहीत नाही.

निघताना श्रीरंग म्हणाला होता, "आई, येतो हं."

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणायची पद्धत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जाणाराही 'येतो' म्हणतो. ऐकणारा 'ये हो' म्हणतो आणि दोघांनाही खरं काय ते कळतं. वेणूताईंनाही कळलं होतं. पण त्यांनी तो शब्द जपून ठेवला. त्याला आता सात वर्षं झाली होती.

दर रविवारी सकाळी वेणूताई शेंड्यावर चढत आणि फोन लावत.

"काय रे श्रीरंगा, कधी येताय?"

"बघू गं आई."

मुलांनो, 'बघू' हे मराठीतलं एक विचित्र क्रियापद आहे. ते डोळ्यांनी करत नाहीत. खरं तर ते करतच नाहीत. पण श्रीरंग आणि मृण्मयी यांची गोष्ट वेगळी होती. ती दोघं खरोखरच बघत. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशव्या लावत आणि बघत सुटत. सात वर्षांत त्यांनी तेवीस देश बघितले. मृण्मयीपाशी एक यादी होती. बघून झालं की ती त्यावर खूण करी. एकदा खूण झालेल्या ठिकाणी ती दोघं पुन्हा जात नसत.

"पुन्हा कशाला?" मृण्मयी म्हणे. "अजून केवढं जग राहिलंय!"

फोटो मात्र न चुकता येत. फोटोत किल्ला मोठा असे आणि श्रीरंग बोराएवढा. वेणूताईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पडला होता आणि उजव्याची तयारी चालली होती. त्यांना किल्ला दिसे. श्रीरंग दिसत नसे.

शेजारच्या फांदीवर नारोपंत कावळा राहत असे. ज्याच्या दारात तो ओरडेल त्याच्याकडे पाहुणा येतो, असं त्याच्या घराण्याचं नाव होतं. वेणूताईंच्या दारात तो सात वर्षं ओरडत होता.

"ताई, आता जंगलात तोंड दाखवायला जागा नाही मला," तो एकदा म्हणाला. "परवा त्या सुतारपक्ष्याच्या दारात ओरडलो, तर म्हणतो, ओरडा खुशाल, तुमचं ओरडणं म्हणजे हवामानखात्याचा अंदाज. ताई, तुमच्या मुलानं माझा धंदा बुडवला."

"तुम्ही मनापासून ओरडत नसाल," वेणूताई म्हणाल्या. पण त्यांनी शेपूट झटकली नाही. त्यावरून नारोपंताने काय ते ओळखलं.

एका रविवारी श्रीरंगाने बर्फाच्या डोंगरावरून फोन केला. त्याच्या मिशांवर बर्फ होतं.

"आई, ही बघ हिमनदी! घाईघाईनं आलो बघायला."

"घाई कसली?"

"अगं, वितळतेय ना ती. आणखी काही वर्षांनी असेल नसेल. म्हणून आधी ही उरकली."

"आणि मागच्या महिन्यातला तो पडका वाडा?"

"वाडा नाही गं, किल्ला. सातशे वर्षांचा."

"पडका कशाला बघायचा? डागडुजी झाल्यावर जायचं."

श्रीरंग हसला. मागून मृण्मयीने तोंड पुढे केलं. "अहो आई, पडका आहे म्हणूनच तर बघायचा! त्याच्यासाठी आम्ही तीन महिने आधी नाव नोंदवलं होतं. आणि तरी पहिल्या दिवशी परत फिरावं लागलं. मंगळवार होता. मंगळवारी बंद."

"मग?"

"मग काय, बुधवारी पुन्हा गेलो. नऊ ते अकरा."

वेणूताई म्हणाल्या, "मग इकडेही या की एकदा. माझेही डोळे..."

"येणार गं," श्रीरंग म्हणाला. "तुझ्याकडे काय, कधीही येता येईल. तू तर आहेसच."

एवढं बोलून रेंज गेली. रेंजला कधी जायचं ते बरोबर कळतं.

वेणूताई हळूहळू शेंड्यावरून उतरल्या. 'तू तर आहेसच' हे त्यांनी स्वतःशी दोनतीनदा म्हणून पाहिलं. वाक्य प्रेमाचंच होतं, त्यात वाईट काही नव्हतं. आणि नेमकी तीच अडचण होती.

दुपारी त्या दामूअण्णा वानराकडे गेल्या. दामूअण्णाचा जन्म वनखात्याच्या फलकावर बसण्यात गेला होता. बसून बसून त्याला फलकाची भाषा येऊ लागली होती. तो साधं 'पाणी प्या' असंसुद्धा 'सर्वांस कळविण्यात येते की' असं सुरू केल्याशिवाय म्हणत नसे.

"अण्णा, मला एक फलक हवाय."

"विषय?"

"मी."

दामूअण्णाने सागाचं मोठं पान काढलं आणि कोळसा घेतला. वेणूताई सांगत गेल्या आणि तो शुद्धलेखन सुधारत गेला. फलक असा झाला:

*अतिप्राचीन शेकरू-घरटे. हाताने विणलेले. कललेल्या उंबरावर. मूळ रहिवासी अद्याप आत आहे. पाहण्याची वेळ सकाळी नऊ ते अकरा. आगाऊ नोंदणी आवश्यक. मंगळवारी बंद. स्पर्श करू नये. आत खाद्यपदार्थ आणू अथवा खाऊ नयेत.*

"स्पर्श करू नये कशाला?" वेणूताईंनी विचारलं.

"त्याशिवाय प्राचीन वाटत नाही," दामूअण्णा म्हणाला. "आता शेवटी लिहितो, 'नूतनीकरणासाठी लवकरच बंद होणार.'"

"नूतनीकरण कुठलं आता, अण्णा. नुसतं 'लवकरच बंद होणार' लिहा."

दामूअण्णाचा कोळसा थोडा अडखळला. पण त्याने लिहिलं. सरकारी हात होता, सांगितलेलं लिहितो.

फलक उंबराला लागला. त्याच आठवड्यात उत्तरेकडचे परीट पक्षी हिवाळ्यासाठी जंगलात उतरले. ते दरवर्षी येत आणि वेणूताईंच्या घरट्यावरून शेपटी हलवत सरळ पुढे जात. या वर्षी ते थांबले, रांग लावली आणि माना वेळावून फोटो काढले. मंगळवारी जे आले ते परत गेले आणि बुधवारी दुपटीने आले. वेणूताई वेळेवर बाहेर येत, फांदीवर बसत आणि अकरा वाजता आत जात. बाकी काही करावं लागत नसे. जांभळीवरच्या एका बुलबुलीने तर दहा वर्षांची शेजारीण असूनही गुरुवारची वेळ मागितली.

महिनाभरात फोन आला. चक्क बुधवारी.

"आई!" श्रीरंग ओरडत होता. "अगं, तू यादीत आलीस!"

"कसल्या रे?"

"'मरण्यापूर्वी पाहावीत अशी शंभर ठिकाणं'! एकाहत्तराव्या क्रमांकावर आहेस. आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस!"

कोणी मरण्यापूर्वी, ते यादीत दिलेलं नव्हतं.

मृण्मयीने फोन घेतला. तिचा आवाज हळवा झाला होता. "आई, ते लवकरच बंद होणार म्हणजे नक्की कधी? आम्हाला पुढच्या गुरुवारची वेळ मिळेल का? सुट्टीचं मी बघते."

वेणूताईंच्या ओठांवर 'अगं, कधीही या' आलं होतं. ते त्यांनी दातांखाली दाबलं. शेकरूचे दात मजबूत असतात.

"गुरुवार का?" त्या म्हणाल्या. "बघू."

गुरुवार मिळाला.

बुधवारी संध्याकाळी नारोपंत दारात आला. त्याने घसा साफ केला आणि सात वर्षांची भूक असल्यासारखा ओरडला.

"पुरे हो," वेणूताई म्हणाल्या. "आगाऊ नोंदणी आहे. येणार हे मला आधीच कळलंय."

"मग माझं काय काम उरलं?" नारोपंत म्हणाला आणि रागाने उडून गेला.

गुरुवारी बरोबर नऊ वाजता श्रीरंग आणि मृण्मयी उंबरावर चढली. श्रीरंग जाड झाला होता. फोटोत ते दिसलं नव्हतं. दामूअण्णाने घरट्यापुढे गुळवेलीची दोरी बांधली होती. दोघं दोरीपाशी शहाण्यासारखी थांबली.

वेणूताईंनी उजवा डोळा बारीक करून पाहिलं. श्रीरंग पूर्ण दिसत होता. मागे किल्ला नव्हता.

"आलास," त्या म्हणाल्या आणि पंजा पुढे केला.

"आई, थांब थांब," श्रीरंग पटकन मागे सरकला. "'स्पर्श करू नये' लिहिलंय."

"ते बाहेरच्यांसाठी रे."

"असं नसतं आई. नियम सगळ्यांना सारखा हवा. तिकडे एकानं पुतळ्याच्या पायाला हात लावला तर शिट्टी वाजली."

वेणूताईंनी वाळवलेले फणसाचे गरे पानात बांधून ठेवले होते. लहानपणी श्रीरंग या गऱ्यांसाठी झाडावरून पडला होता. दोनदा. त्यांनी पुडी उघडली. वास सुटला. श्रीरंगाचं नाक हललं, मिशा हलल्या. त्याने फलकाची शेवटून दुसरी ओळ वाचली आणि तोंड मिटलं.

इतक्यात फांदीवरून दामूअण्णा म्हणाला, "सर्वांस कळविण्यात येते की फलक लिहिणारा पाच मिनिटं डोळे मिटून बसणार आहे." आणि त्याने डोळे मिटले.

त्या पाच मिनिटांत काय झालं ते दामूअण्णाने पाहिलं नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा पुडी रिकामी होती. मृण्मयी डोळे पुसत होती. श्रीरंगाच्या डोक्यावरचे केस उलटे झाले होते, जसे कुणीतरी उलट्या हाताने कुरवाळल्यावर होतात.

मग मृण्मयीने पुष्कळ फोटो काढले. घरट्यात काड्या कशा गुंफल्या आहेत ते तिने बारकाईने विचारलं. ती मनापासून विचारत होती. मुलगी वाईट नव्हती, मुलांनो. ती फक्त यादीप्रमाणे चालणारी होती.

अकरा वाजले.

"चला," मृण्मयी म्हणाली. "बघून झालं."

तिने यादी काढली आणि एकाहत्तराव्या ओळीवर खूण केली.

वेणूताईंनी ती खूण पाहिली. अगदी अंधूक दिसणाऱ्या डाव्या डोळ्यालाही ती दिसली. खूण झालेल्या ठिकाणी ही दोघं पुन्हा जात नाहीत, हे त्यांना एकदम आठवलं. सात वर्षं 'बघू' होतं तोवर ठीक होतं. 'बघू'ला निदान पुढे काहीतरी होतं. 'बघून झालं'च्या पुढे काही नव्हतं.

श्रीरंग खाली उतरायला वळला. "आई, येतो हं."

"ये हो," वेणूताई म्हणाल्या. मग शेपूट झटकली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "पाचांतलं एक तरी झालं तुमचं."

मृण्मयी थांबली. "पाचांतलं?"

"अगं, शेकरूचं एक घरटं कधी असतं का? पाच असतात. हे नुसतं दर्शनी. बाकीची चार दुरुस्तीला काढलीयत. श्रीरंग जन्मला ते पुढच्या वर्षी उघडेल. मग दरवर्षी एकेक."

"म्हणजे आमचं सगळं बघून झालंच नाही!"

"कुठलं झालं? यादीत खूण केलीस होय? अर्धीच कर."

मृण्मयीने खूण खोडली. तिने विचारलं, "पुढच्या वर्षी कधी?"

"नक्की सांगता येत नाही. आधी नाव नोंदवून ठेवा. मंगळवार सोडून."

तिने तिथेच नाव नोंदवलं. श्रीरंगाने खालच्या फांदीवरून वळून हात हलवला. या वेळी त्याच्या 'येतो'ला आगाऊ नोंदणी होती.

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर दामूअण्णा खाली सरकला.

"वेणूताई, मी या जंगलात साठ वर्षं बसतोय. तुमचं घरटं एकच आहे."

"ठाऊक आहे."

"मग बाकीची चार?"

वेणूताई तोवर पुढच्या फांदीवर पोचल्या होत्या. त्यांनी एक डहाळी दातांनी तोडली, हाताने चाचपली आणि दुफाट्यात आडवी ठेवली. दुसरी तोडायला त्यांना जरा वेळ लागला.

"विणायला घेतलीत," त्या म्हणाल्या. "अण्णा, यालाही अतिप्राचीन लिहाल ना?"

"विणून तर होऊ दे," दामूअण्णा म्हणाला आणि तिसरी डहाळी त्याने स्वतःच वाकवून त्यांच्या पुढ्यात धरली. "वयाचं मी बघतो."

तात्पर्य : मुलांसाठी आईबापांनी आपलं दार सदैव उघडं ठेवू नये. उघड्या दारातून कोणी आत येत नाही, कारण ते उद्याही उघडंच असतं. म्हातारपणी नुसतं प्रेमळ असून भागत नाही, प्रेक्षणीय असावं लागतं. आणि आठवड्यातून एक दिवस तरी बंद.