फ्रिज बंद ठेवा, अध्यक्ष ऐकताहेत

मधुसूदनरावांनी फ्रिजची वायर तिसऱ्यांदा काढली, तेव्हा विमलबाई पोळपाट सोडून उठल्या.

"अहो, आत पाच किलो चक्का आहे. रविवारच्या श्रीखंडाचा. खराब होऊन गेला तर लोकांना काय खिलवू मी?"

"दहा मिनिटं फक्त. फ्रिजमुळे आवाज साफ येत नाहीये."

आवाज रेडिओचा होता आणि रेडिओ म्हणजे पुण्याच्या भाच्याने पाठवलेली बोटभर डबी. ती संगणकाला लावली, गच्चीवर अँटेना उभारली की हवेतून जाणारं वाटेल ते पडद्यावर दिसतं आणि ऐकूही येतं, असं भाच्याने सांगितलं होतं. पहिले चार दिवस संगणक त्या डबीला टीव्हीच समजत होता. पाचव्या दिवशी त्याची समजूत पटली. अँटेनापायी विमलबाईंच्या कपडे वाळवायच्या दोन नळ्या गेल्या. मग कळलं, की घरातली ट्यूब, इन्व्हर्टर, मिक्सर आणि फ्रिज मिळून पडद्यावर नुसता पिवळा चिखल करतात. तेव्हापासून संध्याकाळचा स्वयंपाक मेणबत्तीवर आणि चटणी पाट्यावर होऊ लागली. एवढ्या तपश्चर्येचं फळ म्हणून मधुसूदनरावांना साबणाची एक जाहिरात ऐकू आली. ती कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे सगळ्यांना दिवसभर फुकट ऐकू येत असे.

खरं तर त्यांचं चित्त रेडिओत नव्हतंच. रविवारी ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या दोन मराठी मंडळांचं विलीनीकरण होतं. एक दरबारी कारकुनांच्या आणि पुरोहितांच्या वंशजांचं, दुसरं शिलेदारांच्या वंशजांचं. आता यांच्यात कुणी दफ्तर लिहीत नव्हतं आणि त्यांच्यात कुणी घोड्यावर बसत नव्हतं, लग्नातला अर्धा तास सोडला तर. तरी गणपती मात्र दोन बसत. माणसं आटली, म्हणून मंडळ एक करायचं ठरलं आणि मग अध्यक्षही एकच राहणार हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. पहिल्या मंडळाचे अध्यक्ष मधुसूदनराव, दुसऱ्याचे मानसिंगराव. खुर्ची गेली तर उरलेलं आयुष्य कशाच्या आधारावर काढायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ग्वाल्हेर संस्थान याहून सोपं विलीन झालं होतं, असं जुनी माणसं म्हणू लागली.

तर त्या शुक्रवारी फ्रिज गप्प झाला, पडदा स्वच्छ झाला आणि चिखलातून मानसिंगरावांचा आवाज वर आला. समोरच्या गल्लीतल्या सभागृहात ते बिनतारी माइक हातात धरून भाषणाची तालीम करत होते.

"अध्यक्षपदासाठी माझ्याहून लायक माणूस म्हणजे मधुसूदनराव. त्यांनी हे पद स्वीकारावं, अशी हात जोडून विनंती. क्यों विश्वासराव, ठीक आहे ना? अब सुनो, पुढे असं करायचं की..."

घर्रर्र झालं. विमलबाईंनी फ्रिज लावला होता.

"लावा, लावा," मधुसूदनराव उदारपणे म्हणाले. "हवं ते लावा. काम झालं."

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत कुठलंही पद पहिल्या आग्रहाला घेत नाहीत. दोनदा नाही म्हणायचं, छातीवर हात ठेवायचा, तब्येतीचं कारण सांगायचं आणि तिसऱ्या आग्रहाला मान तुकवायची. मधुसूदनरावांनी या सगळ्याला धरून चार पानी भाषण लिहिलं, पाठ केलं आणि बाड्यावरच्या बाजारात जाऊन नवी पगडीही घेऊन आले.

रविवारी मानसिंगराव उठले आणि शुक्रवारचीच वाक्यं बोलले. विनंती संपताच मधुसूदनराव ताडकन उभे राहिले. विमलबाईंनी मागून उपरणं ओढलं, पण तोवर खिशातून कागद निघाले होते.

"आपण तीन तीन वेळा आग्रह केलात," त्यांनी वाचलं, "म्हणून केवळ नाइलाजाने मी हे पद स्वीकारतो."

हातात हार घेऊन उभे असलेले, मानसिंगरावांच्या मंडळातले विश्वासराव त्यांना म्हणाले, "ते तर नाही म्हणणार होते ना? आपण दुसऱ्यांदा पूछणारच नव्हतो." हे त्यांनी हळूच म्हटलं, पण माइकपाशी म्हटलं.

"पण मधुसूदनराव," पहिल्या रांगेतल्या सुधाताईंनी विचारलं, "हे लिहून कधी आणलंत? नाव तर आत्ता सुचवलं."

आता गप्प बसायला हवं होतं. पण दोन आठवडे अंधारात बसून मिळवलेली विद्या माणूस किती दिवस लपवणार?

"शुक्रवारीच ऐकलं मी," ते अभिमानाने म्हणाले. "रेडिओवर. हा माइक सुरू असला, की यातलं अक्षर न् अक्षर माझ्या घरी येतं."

त्यावर जी शांतता पसरली, ती आदराची आहे असं एकट्या मधुसूदनरावांना वाटलं. आपण त्या माइकशेजारी कुणाच्या सुनेबद्दल काय बोललो, हे प्रत्येकजण आठवत होता. सगळ्यात आधी मानसिंगरावांना आठवलं. त्यांनी विश्वासरावांच्या हातातला हार घेतला आणि घाईघाईने मधुसूदनरावांच्या गळ्यात घातला. विरोध कुणी केला नाही. श्रीखंड आंबून गेलं होतं, तेही सगळ्यांनी मागून घेतलं.

मधुसूदनराव अध्यक्ष झाले, त्याला आता वर्ष होत आलं. सभा वेळेवर होतात. ते विचारतात, "कुणाला काही बोलायचंय?" आणि सगळे माइककडे पाहत नकारार्थी माना हलवतात. गणपती कुठे बसवायचा, आरतीचा मान कुणाला, हे ठरूनच त्यांच्याकडे सहीला येतं. कधी ठरलं, कुठे ठरलं, हे त्यांना कळत नाही.

परवा संध्याकाळी त्यांनी पुन्हा फ्रिज बंद केला आणि तासभर कान देऊन बसले. पडदा अगदी स्वच्छ होता.

"काही ऐकू येतंय?" विमलबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"येणार कसं? मंडळाची बैठक मानसिंगरावांच्या गच्चीवर असते, बिना माइकची." त्यांनी फ्रिज लावला आणि चपला घातल्या. "मला बोलावलंय. पोळ्या झाकून ठेवल्यात."