अठ्ठ्याऐंशी नंबरची बाजू

टिपणीसकाकांचे उपासाचे सोमवार भाद्रपदात सुरू होतात आणि पौषात संपतात. श्रावणात सगळं जग सोमवार धरतं तेव्हा हे गृहस्थ कुंपणावरून मला गरम बटाटेवडे देतात, आणि गणपती बसले की यांना शंकर आठवतो. आमच्या मंडळातल्या बायकांनी यावर बरीच चर्चा केली. कुणी म्हणालं, इथे न्यूझीलंडात ऋतू उलटे, म्हणून ते महिनेही उलटे धरत असतील. कुणी म्हणालं, नवस असेल. टाकानिनीच्या आमच्या वस्तीत मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण, त्यामुळे मला खरं कारण ठाऊक होतं. पण ते सांगून कुणाला पटलं नसतं.

कारण होतं अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. अमेरिकेतला रविवार म्हणजे आमचा सोमवार, आणि त्यांची दुपारची मॅच आमच्याकडे सकाळच्या चहाला दिसते. टिपणीसकाका पेनरोजच्या एका डेपोत मालाच्या ट्रकांचं वेळापत्रक बघतात. तिथे मॅचसाठी सोमवारची सकाळ मोकळी मागायची म्हणजे पंचाईत. या रग्बीच्या देशात तो खेळ बघतो असं सांगणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, "मंडे, लॉर्ड शिवा, फास्टिंग." सुपरवायझर सिओने हा दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा माणूस. त्याने छातीवर हात ठेवून "स्वीट ॲज, ब्रदर", म्हणजे काहीच हरकत नाही, असं म्हटलं आणि हंगामभर काकांना सोमवारी दुपारची पाळी देऊन टाकली.

दुसऱ्या कुणी इथे टाळी दिली असती. काका मात्र घरी येऊन अस्वस्थ झाले. देवाच्या नावावर सवलत घेतली तर देवाला काहीतरी द्यायला नको का? म्हणून ते खरोखरच उपास करू लागले. मॅच बघायची साबुदाण्याच्या खिचडीवर, आणि जेवायचं ते रात्री, पाळीवरून येऊन, अंघोळ करून, शंकराला बेल नाही म्हणून कुठलं तरी तीन पानांचं डहाळं वाहून. मी हसले तर म्हणाले, "हसू नकोस. खोटं बोललो होतो, आता ते खरं करतोय."

काका असे. बुटके, टक्कल पडलेले, बारा महिने जॅण्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालणारे, आणि अतिशय गंभीर. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं एकच मत ठरलेलं: "पोटेन्शियल आहे. वेळ द्यायला हवा." त्यांच्या अंगणात एक लिंबाचं झाड आहे, त्याला आजवर पानांखेरीज काही आलेलं नाही. त्याच्यात पोटेन्शियल आहे. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी दर कार्यक्रमाला हॉलची किल्ली घरी विसरून येतात. त्यांच्यातही आहे. माझी मुलगी ईरा शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत शेवटची आली आणि ओले टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घेऊन पायरीवर रडत बसली, तेव्हा काका तिच्याशेजारी बसून म्हणाले, "शेवटून पहिली आलीस, पण वळलीस छान. पोटेन्शियल आहे." ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "काका, यू से दॅट अबाउट एव्हरीथिंग." काकांनी यावर थोडा विचार केला आणि तेही मान्य केलं.

सोमवारी मी घरून काम करते, त्यामुळे मला त्या टीव्हीसमोर हजेरी लावावी लागली. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. काकांनीच समजावलं. मैदानाच्या दोन्ही कडांना दोन-तीन सडसडीत पोरं उभी असतात. खूण झाली की ती सुसाट पळत सुटतात, अंगाला चिकटलेल्या गड्याला चुकवतात, आणि मधूनच कुणीतरी लांब फेकलेला चेंडू झेलतात. त्यांना वाइड रिसीव्हर म्हणतात. पुष्कळदा चेंडू त्यांच्याकडे येतच नाही, तरी दर वेळी जीव तोडून पळायचं. बाकीच्या खेळाशी टिपणीसांच्या घराला कर्तव्य नव्हतं. तिथे वाद व्हायचा तो रिसीव्हरांवरून.

वाद घालणारं दुसरं माणूस म्हणजे सुनीतिकाकू. खरं तर हा खेळ त्यांचा. काकांना कंपनीने चार वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं. काकूंना तिथे नोकरीची परवानगी नव्हती, दिवस खायला उठायचा. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी रविवारी त्यांना टीव्ही बघायला बोलवायची. काकू पुण्यात कॉलेजच्या खो-खो संघात होत्या. त्यांनी ती कडेला पळणारी पोरं बघितली आणि ओळखलं की हे तर आपलंच काम, फक्त शेवटी चेंडू झेलायचा. तेव्हापासून त्या गावाचा संघ तो आमचा संघ. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तो फार हरतो.

त्या संघात दोन रिसीव्हर वादाचे. अकरा नंबरचा ठेंगणा, काकू त्याला खार म्हणायच्या. आणि अठ्ठ्याऐंशी नंबरचा, दाराची चौकट पुरणार नाही एवढा उंच, ज्याच्या हातात चेंडू टिकत नसे; तो त्यांचा उंट. काकू अर्थातच खारीच्या बाजूने. "बघ, बघ, डाव्या खांद्यानं हूल दिली आणि उजवीकडनं सुटला," असं त्या मला हाताला धरून दाखवत. पळणाऱ्याचे पाय बघायचे नाहीत, कंबर बघायची, कंबर खोटं बोलत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. मग काका घसा साफ करून म्हणत, "ते ठीक आहे. पण अठ्ठ्याऐंशीत पोटेन्शियल आहे."

झालं. काकू विणकाम खाली ठेवत. त्याला हूल देता येत नाही. चेंडू येण्याआधीच तो डोळे मिटतो. वळायला बैलगाडीएवढी जागा लागते. उंची आहे म्हणता, उंची तर विजेच्या खांबालाही असते. काका एकेका मुद्द्याला आडवे जात, उंची वाया जाणार नाही, पोराला वेळ द्या, असं शांतपणे म्हणत राहत, आणि काकूंचा आवाज चढत जाई. मग त्या काकांच्या एकूण आयुष्यातल्या निवडींवर येत. टौरंगा गावी जाऊन घेतलेली ती खटारा गाडी, तिच्यातही तुम्हाला पोटेन्शियल दिसलं होतं ना? मला नेहमी काकूंचं पटायचं. काकांच्या हट्टाची चीड यायची. एवढा हुशार माणूस डोळ्यांसमोरचं कसं बघत नाही?

त्याच सुमारास काकूंनी एकदा त्यांची किल्ली आमच्या दाराला लावून बघितली. इथली नवी घरं सगळी एका साच्यातली, कुणाचाही गोंधळ व्हावा. आम्ही दोघी खूप हसलो. पुन्हा तसंच झालं तेव्हा हसायला आलं नाही. त्या कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाला जायच्या आणि काय आणायचं ते विसरून तिथल्या माणसाशी गप्पा मारून परत यायच्या. चिमट्याला "ते पकडायचं" म्हणू लागल्या. ईराला कधी ईरा म्हणत, कधी नुसतंच "बाळ". आठवड्यातले बाकीचे दिवस त्या गप्प गप्प असायच्या, खिडकीशी बसून असायच्या. सोमवारी मात्र अठ्ठ्याऐंशी नंबरचं नाव निघालं की विणकाम खाली आणि मुद्दे एकामागून एक.

एका सोमवारी त्या उंटाने हातात आलेला चेंडू असा सोडला की समालोचकसुद्धा गप्प झाला. काका तरीही म्हणाले, पोटेन्शियल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कचऱ्याच्या बिन्स आत ओढत होतो, तेव्हा मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. विचारलं, तुम्हाला खरंच त्याच्यात काही दिसतं का?

काका बिनला टेकून उभे राहिले. "काही नाही गं. पहिल्याच मॅचला कळलं होतं. चेंडूला भितो तो."

"मग त्याची बाजू कशाला घेता?"

"खार चांगली आहे म्हटलं, तर ती 'हं' म्हणेल आणि खिडकीकडे बघत बसेल. मी चुकीचं बोललो की तिला राहवत नाही. मग ती कारणं देते, आणि कारणं देताना ती अगदी पहिल्यासारखी असते." त्यांनी जॅण्डलने कडेचं गवत दाबलं. "डॉक्टर म्हणतात, बोलती ठेवा. आता आमच्यात गोड बोलणं असं कधी झालंच नाही. वादच झाले. म्हणून तेच चालू ठेवलंय."

माझे डोळे भरून आले, तर ते म्हणाले, "तू तिच्या बाजूनेच राहा हं. ती जिंकली पाहिजे." मी त्यांचीही बिन आत नेऊन ठेवली.

त्यानंतर मी त्या घरात वेगळ्या नजरेने बसू लागले. काका खिचडीची बशी मांडीवर घेऊन आपलं ते वाक्य म्हणत, आणि म्हटल्यावर टीव्हीकडे बघत नसत, काकूंकडे बघत. उत्तर यायला वेळ लागू लागला होता. कधी अर्धाच मुद्दा यायचा आणि पुढचे शब्द सापडायचे नाहीत. काका थांबत. वेळ देत. अर्ध्या मुद्द्यालाही ते पूर्ण जोमाने विरोध करत.

डिसेंबरातली एक सकाळ. उकाडा म्हणून दारं उघडी, समोरच्या घरी लॉन कापण्याचं मशीन चाललेलं. अठ्ठ्याऐंशी नंबर एकटाच सुटला, आसपास कुणी नाही, आणि चेंडू त्याच्या छातीवर आदळून खाली पडला. काकांनी घसा साफ केला. "काही म्हण, पोराच्यात पोटेन्शियल आहे."

काकूंनी टीव्हीकडे नीट बघितलं. मग हसून म्हणाल्या, "हो ना. छान खेळतो."

काकांचा चमचा बशीतच राहिला. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग हळू आवाजात ते स्वतःच सांगू लागले. छान कसला, त्याला हूल देता येत नाही. चेंडू येण्याआधी डोळे मिटतो. वळायला बैलगाडीएवढी जागा लागते. काकूंचा एकेक मुद्दा, काकूंच्याच शब्दांत. विजेच्या खांबाचंही म्हणून झालं. इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस ऐकतच नाही. काकू पाहुण्याचं ऐकावं तसं आदबीने ऐकत होत्या, आणि त्यालाही "बरोबर, बरोबर" म्हणत होत्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं. मी ताठ बसले आणि म्हटलं, "काका, तुम्ही आता शब्द फिरवू नका. तुम्हीच म्हणत होतात ना तो चांगला आहे म्हणून? त्याला संघात ठेवणं म्हणजे वेडेपणा आहे." काकांनी लगेच उचललं. उंची वाया जात नाही. वय काय पोराचं? मी खारीची कंबर काढली, त्यांनी उंटाचे लांब हात काढले, मी टौरंगाची गाडी काढली. आम्ही दोघंही काकूंच्या तोंडाकडे बघत जोरजोरात भांडत होतो. आता बोलतील, आता विणकाम खाली ठेवतील.

आणि काकूंनी विणकाम खाली ठेवलं. पुढे झुकून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाल्या, "जाऊ दे गं. वाद नको घालूस त्यांच्याशी. बोलायला कुणी नसतं त्यांना."

काकांना ऐकू गेलं होतं. त्यांनी खिचडीची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "खरं आहे," आणि आपली खुर्ची त्यांनी काकूंच्या खुर्चीला लावून घेतली.