निकमकाकांची वॉरंटी

लोक नवी गाडी शोरूममधून आधी देवळात नेतात. आमच्या शेजारच्या निकमकाकांनी ती थेट नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या वायरमनकडे नेली. बॉनेटवरचा हार सुकायच्या आत तिला ट्रकचे हॉर्न, पुढे दोन पिवळे दिवे, आत आरशाजवळ एक छोटा दिवा आणि मागे घेताना केकाटणारा भोंगा बसला.

"काका, वायर कापली की वॉरंटी जाते," मी म्हणालो.

"कंपनीला काय कळतं? घोटीच्या पुढचं धुकं पाहिलंय का त्यांनी?"

काका सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. तयार वस्तू आहे तशी वापरणं म्हणजे त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटे. घरच्या मिक्सरलाही त्यांनी पंख्याचं बटण लावलं होतं.

आठ महिन्यांत गाडीतून जळका वास आला आणि मीटर बंद पडले. काका मला सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथल्या मॅनेजरने काळ्या टेपची गुंडाळी पाहून कपाळाला हात लावला.

"काका, इंजिनची वॉरंटी शाबूत आहे. पण वायरिंग तुम्ही कापलंत, ते आमच्याकडे येत नाही. हे सगळं काढा, तरच पुढचं बघू."

मला वाटलं, आता जुंपणार. पण काका शांतपणे म्हणाले, "काढा. हॉर्न, भोंगा, पिवळे दिवे, सगळं काढा. आरशाजवळचा छोटा दिवा तेवढा राहू द्या."

"अहो, त्याचीच वायर जळलीय!"

"मग नवी ओढा. वायरिंगची वॉरंटी नको मला. सही कुठे करू?"

एवढ्याशा दिव्यासाठी एवढा हट्ट! घरी येईपर्यंत मी त्यांना चिडवत होतो.

पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत त्र्यंबकेश्वरला गेलो. काकू पुढे, मी मागे. गाडी घेण्याच्या जरा आधी एका आजारात काकूंचे कान पार गेले होते. समोरच्याचे ओठ बघूनच त्यांना बोलणं कळे. परतताना अंजनेरीपाशी अंधारून आलं, तशा काकू गप्प झाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

काकांनी तो दिवा लावला. उजेड फक्त त्यांच्या तोंडावर पडला. त्यांनी काकूंच्या हातावर हलकेच टिचकी मारली. काकू वळल्या. काका आवाज न करता, सावकाश काहीतरी म्हणाले.

"पेरू नकोत," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी निम्मे किडके निघाले."

काकांनी मान हलवत पुन्हा काहीतरी सांगितलं.

"माझी निवड? तुम्हीच उचलले होते!"

नाशिक येईपर्यंत दोघांचं भांडण रंगलं. मला ऐकू येत होती ती फक्त काकूंची बाजू.