जय-विजयांच्या पायांस पाणी लागले त्याची हकिकत

श्री.

ज्या उंबरठ्यावरून लक्ष्मी आत येते आणि गिऱ्हाईक बाहेर जाते त्या उंबरठ्यास प्रथम दंडवत, मागून ऐकणारास. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावण वद्य पक्षी, समुद्रकाठच्या एका वस्त्रराज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. पाटी रस्त्यावरून दिसते, ज्यास डोळे आहेत त्याने वाचावी.

ते राज्य म्हणजे साड्यांचे दोन मजली दुकान, खाली सुती आणि सहावारी, वर शालू आणि पैठण्या, आणि राज्यावर आवडाक्कासाहेब. त्यांचे शिक्षण दुसरीपर्यंत जाहले होते, पुढे मास्तरांस यांचे प्रश्न सोसवेनात म्हणून थांबले. परंतु पदरास बोट लाविले की कापड कोणत्या मागावरचे ते सांगत, आणि बाई पायरी चढली की घेणार की नुसत्या घड्या मोडवणार तेही सांगत. चिरंजीव मुकुंदराव मोठ्या शहरी जाऊन मोठी परीक्षा देऊन आले, त्यांस यातले एकही सांगता येईना, म्हणून त्यांनी यंत्रे आणिली. पाडव्याच्या मुहूर्तावर दाराच्या दोन्ही अंगांस दोन पांढरे खांब उभे केले आणि प्रत्येक साडीच्या घडीत एक टिकली चिकटविली. गल्ल्यावर ती टिकली काढून घ्यावी, आणि न काढता कोणी साडी नेली तर खांबांनी किंकाळी फोडावी, ऐसा बंदोबस्त केला. आक्कासाहेबांनी कमरेवर हात ठेवून पुसिले, "हे कोण रे?" मुकुंदराव बोलिले, "आई, सिक्युरिटी गेट. चोर पकडतं." "आणि खातं काय?" "थोडी वीज." "चहा?" "नाही." "तंबाखू?" "अगं आई, यंत्र आहे ते!" मग आक्कासाहेब बहुत संतोष पावल्या आणि बोलिल्या की हे विष्णूच्या दारचे जय आणि विजय, आजपासून आपल्या दारी उभे राहिले, यांचा मान ठेविला पाहिजे. आणि त्या दिवसापासून खाशांनी रोज सकाळी तांब्याच्या कळशीने उंबरठा धुवावा, पहिली धार जयाच्या पायांवर, दुसरी विजयाच्या, मग हळदकुंकू, मग अक्षता, मग तुळशीचे पान, ऐसा नेम चालू जाहला. खांबांबरोबर एक पुस्तक आले होते, त्यात पाणी लागू देऊ नये ऐसे स्वच्छ छापिले होते. ते मुकुंदरावांनी खणात घातले, कारण शिकलेली माणसे पुस्तक जपून ठेवितात, उघडीत नाहीत.

ऐसे चार महिने गेले. मग श्रावण आला आणि हवा ऐसी दमट जाहली की डब्यातले मीठ पाझरू लागले, आणि एके सोमवारी जय आणि विजय टिकलीवाचूनच बोंबलू लागले. आता वरच्या मजल्यावर पैठण्यांचा कारभार शेवंताबाई कुडतरकर यांजकडे होता. एकोणीस वर्षे चाकरी, चाव्या त्यांच्या कमरेस, आणि उंबरठा धुऊन जाहला की देव्हाऱ्याची फुले आणावयास पहिले पाऊल बाहेर टाकण्याचा मानही त्यांचाच. त्या बाहेर निघाल्या आणि खांब किंचाळले. मंगळवारी निघाल्या, किंचाळले. बुधवारीही तेच. पुढे पंख्याच्या वाऱ्याने दहापर्यंत उंबरठा सुके आणि खांब ऐसे गप्प होत की जसे दूध पिऊन निजले, आणि गल्ल्यावरच्या मुली उंबरठा धुण्याआधीच आत आलेल्या, बाकीची सारी ये-जा दहानंतर. म्हणून त्या सहाही मुली आपसांत कुजबुजू लागल्या की खांब माणूस ओळखतात. मुकुंदरावांनी गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा सारखा केला आणि बोलिले, "आई, यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या तबकातले पेढेसुद्धा रोज गायब होताहेत, ते काय उगाच?" पेढ्यांचे नाव निघताच आक्कासाहेबांनी बटवा कमरेस घट्ट खोविला आणि विषय बदलावा म्हणून घाईने आज्ञा केली, "शेवंताची पिशवी झाडा."

पिशवी झाडिली. आतून दोन भाकऱ्या, डबीभर सुकट, एक मोडका चष्मा आणि छत्री निघाली, साडीचा धागाही निघाला नाही. सुकट फरशीवर पसरली आणि सहा मुली नाकास पदर लावून उभ्या राहिल्या. शेवंताबाईंनी खाली बसून एकेक सुकट वेचून डबीत घातली, मग उठून बोलिल्या, "आक्का, तुमच्या सुनेच्या ओटीची पैठणी मी निवडली. तुमच्या आजारपणात महिनाभर दुकान मी उघडलं. आणि आज माझी सुकट झाडलीत, पोरींसमोर. शनिवारपर्यंत बघते. तुमचे ते दोघे माझ्यावर ओरडायचे थांबले नाहीत तर चाव्या देव्हाऱ्यात ठेवून जाईन. चोर म्हणवून घेऊन मला इथं राहायचं नाही." आक्कासाहेबांस तिथेच हात धरून थांबविता आले असते, परंतु मान वाकविण्याची सवय नव्हती, म्हणून बोलिल्या, "देव्हाऱ्यात कशाला? माझ्या हातात दे." इतके बोलून गेल्या. दुपारी जेवणाचे ताट तसेच सरकविले आणि आमटी खारट जाहली ऐसे सुनेस सांगितले, आणि आमटी खारट नव्हती.

गुरुवारी दुपारी खांबांची जाणकार रेहाना मुजावर नामे मुलगी पाठीवर पिशवी घेऊन दाखल जाहली. तिने टिकली घेऊन फेरी मारिली, खांब ओरडले. टिकलीवाचून मारिली, खांब गप्प. "तब्येत ठणठणीत आहे," ऐसे बोलून गेली. शुक्रवारी सकाळी शेवंताबाई फुलांस निघाल्या आणि खांबांनी बाजारपेठ उठविली. शेजारचा भांडीवाला हातातले पातेले टाकून पाहावयास आला. मग मुकुंदरावांनी पुन्हा निरोप केला आणि रेहानाबाई कळवितात की दुपारी येऊन उपयोग नाही, ओरडतात तेव्हाच येते.

शनिवारी सकाळी नेम यथास्थित जाहला. दोन्ही दारपालांचे पाय धुतले, कुंकू लाविले, आणि शेवंताबाई निघाल्या तो किंकाळी. शेवंताबाई कमरेच्या चाव्या सोडू लागल्या. तितक्यात रेहाना पायरीवर हजर. तिने आधी बटण बंद केले, मग जयाच्या पायाशी मांडी घातली, चार स्क्रू काढिले आणि झाकण उघडिले, तो आतून पेलाभर पाणी वाहिले. पाण्याबरोबर तुळशीचे पान आले, सात-आठ अक्षता आल्या, आणि आतल्या तांब्याच्या तारांवर ऐसा हिरवा गंज चढला होता की जसे विहिरीचे शेवाळ. "याला आंघोळ कोण घालतं?" रेहाना बोलिली. सहा मुली छताकडे पाहू लागल्या. मुकुंदराव फोनात पाहू लागले. आक्कासाहेबांनी हातातली कळशी हळूच पदराआड घेतली, परंतु कळशी मोठी आणि पदर नारायणपेठचा, झाकेना. रेहानाने कळशी पाहिली, वयही पाहिले, आणि मुलगी संस्कारी, म्हणून खालच्या आवाजात बोलिली, "समुद्र जवळ आहे, नाही का आजी? खाऱ्या हवेनं झालं असंही लिहिता येईल."

ते शब्द आक्कासाहेबांच्या कानी असे पडले की उपवासाच्या दिवशी साबुदाण्याचे ताट पुढे यावे. खारी हवा! कोणाचे नाव नाही, कोणाचा गाव नाही. होय म्हणण्यास ओठ उघडिले, आणि नजर शेवंताबाईंवर गेली. चाव्या सुटल्या होत्या आणि पुढे केलेल्या तळहातावर होत्या, तो तळहात रिकामा होण्याची वाट पाहत होता. आक्कासाहेबांनी कळशी पदराबाहेर काढून धपकन फरशीवर ठेविली आणि बोलिल्या, "हवेला कशाला बोल लावतेस गं? मी घालते आंघोळ. रोज. पाडव्यापासून." रेहाना बोलिली, "हळदकुंकू पण?" "हो." "आणि हे पांढरं काय?" "शनिवारचं दूध." "दूध?" ऐसे बोलून रेहाना भिंतीस टेकली. मुकुंदराव पुढे जाहले, "आई, पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, पाणी लागू देऊ नये!" "पुस्तक तुझ्या खणात आणि कळशी माझ्या हातात. चार महिन्यांत त्या पुस्तकानं एकदा तरी दारापर्यंत चालत यायचं होतं."

शेवंताबाईंचा तळहात तसाच पुढे होता. मग आक्कासाहेबांनी फर्माविले की विजयाचे बटण चालू करा, आणि रिकाम्या हाती, ताठ मानेने, ओल्या उंबरठ्यावरून आपण चालत गेल्या, आणि विजयाने आभाळ फाडिले. "ऐकलंत? आता माझ्यावर ओरडला. शेवंता, त्या दिवशी तुझी पिशवी झाडली, आज माझा बटवा झाड. सगळ्यांसमोर." "नको आक्का, झालं ते झालं." "झाड म्हणते ना! मी काय चोर आहे?" आणि भरल्या अभिमानात आपल्या हाताने बटवा तिच्यापुढे केला. आत काय आहे याची याद हात पुढे गेल्यावर जाहली. शेवंताबाईंनी बटवा उपडा केला, तो सुपारी पडली, कात पडला, अडकित्ता पडला, आणि कागदात गुंडाळलेले पाच पेढे पडले. डॉक्टरांनी दोन वर्षांमागे साखर बंद केली होती. विजय अद्याप बोंबलत होता. शेवंताबाईंनी एकवार पेढ्यांकडे पाहिले, एकवार खांबाकडे, चाव्या परत कमरेस खोविल्या आणि बोलिल्या, "मुकुंददादा, तुमचं खरं हो. यंत्र खोटं बोलत नाही." मग प्रथम त्या हसल्या, आणि मागून आक्कासाहेब ऐशा हसल्या की भांडीवाला पुन्हा धावत आला.

मग रेहानाने गंज घासून काढिला, आतली विजेच्या जोडण्यांची एक पाटी बदलिली, केस वाळविण्याच्या यंत्राने दोघांचे पोट कोरडे केले, आणि खांब चार बोटे उंच दगडावर बसविले आणि तारा जातात त्या फटी रबरी लुकणाने बुजविल्या आणि बुटांच्या खोक्यांत येतात तैशा ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेविल्या. आणि हुकूम जाहला की गिऱ्हाइकांनी ओल्या छत्र्या खांबांस टांगू नयेत, बाहेर बादली आहे. पुसावयाचे तर आधी बटण बंद करून पिळलेल्या फडक्याने. आणि ते पुस्तक खणातून काढून दारापाशी खिळ्यास टांगावे, ते मुकुंदरावांनी स्वहस्ते टांगिले.

एवंच, राज्यात चोर एकच सापडला, तो खासा गादीवरचाच निघाला, म्हणून बभ्रा जाहला नाही. पाणी आता पायरीखाली पडते, कुंकू कोरडे लागते आणि तेही हातभर अंतरावरून. चाव्या शेवंताबाईंच्या कमरेस, पेढ्यांचे तबकही त्यांच्याच ताब्यात. एकादशी सोडून रोज अर्धा पेढा आक्कासाहेबांस नजर होतो. जय-विजय गप्प आहेत. जे कळले ते लिहिले, उरले ते बटव्यात.